अमेरिकेच्या आर्मीत सॅल्यूट कुणाला ठोकायचा आणि कुणाला नाही

ओंकार, तू विचारलंयस ते थोडक्यात असं: मामाने भरलेल्या अर्जावर घरच्या सगळ्यांना ग्रीन कार्ड मिळालंय, दिवाळीनंतर तुम्ही साताऱ्याहून टेक्ससला येताय आणि तुला इथल्या आर्मीत भरती व्हायचंय. वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून पेन्शनवर आलेत. मग सॅल्यूट, मानपान, वरिष्ठांशी वागणं यात नवीन काही शिकावं लागेल, की घरचंच पुरेल? मीही ग्रीन कार्डावरच भरती झालो, आज सार्जंट आहे, आणि ट्रेनिंग संपवून आलेली कोरी पोरं माझ्या हाताखाली येतात. घरचं पुरणार नाही. उलट फौजी घरातल्या पोराला थोडं जास्तच विसरावं लागतं.

आधी हात. वडिलांनी तुला शिकवला असेल तो सॅल्यूट म्हणजे पंजा उघडा, तळवा समोरच्याकडे. तो इंग्रजांकडून आलेला, ब्रिटिश आर्मी आजही तसाच करते. इथे तळवा खाली, आपल्या नेव्हीशी मिळताजुळता. दंड आडवा, कोपर किंचित पुढे, बोटं आणि अंगठा एकमेकांना चिकटलेले, मनगट सरळ, आणि तर्जनीचं टोक टोपीच्या झापेला, उजव्या डोळ्याच्या जरा उजवीकडे. टोपीला झाप नसेल किंवा डोकं उघडं असेल तर कपाळाला, भुवईजवळ. तू चष्मा लावतोस ना? मग झाप नसताना टोक चष्म्याला टेकवायचं, काडी जिथे भुवईच्या कडेशी फ्रेमला मिळते तिथे. हे इथल्या कवायतीच्या पुस्तकात इतकंच बारीक लिहिलेलं आहे. आरशासमोर आत्तापासून सराव कर, कारण ताणाखाली हात जुन्या सवयीवर जातो आणि तळवा आपोआप पुढे वळतो. ड्रिल सार्जंट, म्हणजे ट्रेनिंगमध्ये नव्या पोरांना घडवणारे सार्जंट, त्याबद्दल जे बोलतील ते मी इथे लिहीत नाही.

आता मूळ भानगड. इथे सॅल्यूट मिळतो तो कमिशन्ड ऑफिसरला आणि वॉरंट ऑफिसरला. सार्जंट, स्टाफ सार्जंट, फर्स्ट सार्जंट, सार्जंट मेजर यांच्यापैकी कुणालाही नाही. आपल्याकडे ऑफिसर आणि जवान यांच्यामध्ये सुभेदार साहेबांचा जो थर आहे, कर्नलसुद्धा ज्यांना 'साहेब' म्हणतो, तो थर इथे नाहीच. तुझ्या डोक्यात सुभेदार मेजर आणि सार्जंट मेजर एका फळीवर बसलेले असणार, ते साहजिक आहे. पण इथला सार्जंट मेजर भरती झालेल्या जवानांतूनच वर चढतो आणि शेवटपर्यंत त्यांच्यातच मोजला जातो. वॉरंट ऑफिसर या नावानेही फसू नकोस. आपल्या एअर फोर्समधला वॉरंट ऑफिसर वेगळा. इथला वॉरंट ऑफिसर म्हणजे त्या त्या कामातला पक्का तज्ज्ञ. आर्मीची हेलिकॉप्टरं उडवणारे बहुतेक हेच. त्यांना सॅल्यूट करायचा आणि 'मिस्टर' किंवा 'चीफ' म्हणायचं.

आमच्या बटालियनच्या इमारतीबाहेर रोज सकाळी दिसणारी गोष्ट सांगतो. कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, विशीतला सेकंड लेफ्टनंट समोरून येतो. इकडून कमांड सार्जंट मेजर, म्हणजे बटालियनमधले सगळ्यात वरचे सार्जंट, येतात. ड्रेस युनिफॉर्म घातला की त्यांच्या डाव्या बाहीवर तिरप्या पट्ट्या कोपराकडे चढत गेलेल्या दिसतात. एक पट्टी म्हणजे तीन वर्षांची नोकरी. पहिला हात त्यांचा वर जातो. 'गुड मॉर्निंग, सर.' पोरगं उलट सॅल्यूट करतं, 'गुड मॉर्निंग, सार्जंट मेजर' म्हणतं, आणि त्या 'सार्जंट मेजर'मध्ये एवढा धाक असतो की कोण कुणाच्या हाताखाली आहे असा प्रश्न पडावा. दहा पावलांवर तोच लेफ्टनंट थांबून विचारतो, उद्याच्या फायरिंग रेंजचं तुम्हाला काय वाटतं? सॅल्यूट कमिशनचा, वजन अनुभवाचं. दोन्ही हिशेब वेगळे ठेवलेत, आणि मला विचारशील तर ही व्यवस्था आपल्यापेक्षा सरस नाही आणि कमीही नाही, फक्त तिची खिडकी वेगळ्या भिंतीत आहे.

याला जोडून एक जुनी रीत आहे. नव्या लेफ्टनंटला कमिशन मिळाल्यावर जो जवान किंवा सार्जंट पहिला सॅल्यूट करतो, त्याला तो लेफ्टनंट चांदीचा एक डॉलर देतो. सहसा ज्या सार्जंटने त्याला घडवलं त्यालाच मुद्दाम बोलावलं जातं. आमच्या एका सार्जंटच्या टेबलावर अशी नाणी काचेच्या चौकटीत लावलेली आहेत आणि त्याच्या बढतीच्या कागदांपेक्षा त्याला त्यांचाच अभिमान जास्त.

मग सार्जंटचा मान राखायचा कसा? दोन गोष्टींनी. ऑफिसरशी बोलताना 'अटेन्शन', म्हणजे आपलं सावधान. सार्जंटशी बोलताना 'परेड रेस्ट', म्हणजे पाय फाकलेले, हात मागे कमरेवर, नजर समोर. साधारण आपलं विश्राम, फक्त ढिलेपणा नको. तो 'ॲट ईज' किंवा 'रिलॅक्स' म्हणेपर्यंत तसंच उभं राहायचं. आणि हाक मारायची हुद्द्याने. सार्जंट, स्टाफ सार्जंट, सार्जंट फर्स्ट क्लास, मास्टर सार्जंट या सगळ्यांना नुसतं 'सार्जंट' चालतं. फर्स्ट सार्जंट आणि सार्जंट मेजर यांना मात्र पुरा हुद्दा. ट्रेनिंगमध्ये प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ड्रिल सार्जंट'.

'सर' चुकूनही नाही. इथे तुझी खरी परीक्षा आहे, कारण आपण बँकेतल्या क्लार्कपासून आरटीओच्या एजंटापर्यंत सगळ्यांना सर म्हणत वाढलोय. सार्जंटला सर म्हटलंस की एकच ठरलेलं उत्तर येतं: 'मला सर म्हणू नकोस, मी कष्ट करून खातो.' पहिल्यांदा हसून, दुसऱ्यांदा पुश-अप्ससकट. सिनेमात पोरं ड्रिलवाल्यासमोर 'सर, येस सर' ओरडताना तू पाहिली असशील. ती मरीन कॉर्प्सची, म्हणजे आर्मीपेक्षा वेगळ्या दलाची पद्धत. मरीनच्या ट्रेनिंगमध्ये ड्रिल इन्स्ट्रक्टरला सर म्हणतात, आर्मीत नाही.

लांबून हुद्दा ओळखणं हे सुरुवातीला सगळ्यात अवघड जातं. रोजच्या वर्दीवर हुद्द्याचं चिन्ह छातीच्या मधोमध असतं, छोटं, आणि चमकणारं काही नाही. सेकंड लेफ्टनंटची एक पट्टी तपकिरी, फर्स्ट लेफ्टनंटची काळी. मेजर आणि लेफ्टनंट कर्नल दोघांचंही ओकचं पान, मेजरचं तपकिरी, वरच्याचं काळं. कर्नलचा गरुड. आणि स्पेशालिस्ट नावाच्या साध्या जवानाच्या ढालीवरही गरुडच! वीस पावलांवरून नवं पोर गोंधळतं आणि स्पेशालिस्टला सॅल्यूट ठोकतं. मग तो स्पेशालिस्ट आठवडाभर ती गोष्ट सांगत फिरतो. शंका आली तर सॅल्यूट करून मोकळा हो. जास्तीच्या सॅल्यूटवर लोक हसतील, चुकलेल्या सॅल्यूटवर थांबवतील.

साधारण सहा पावलं उरली की हात वर, सोबत 'गुड मॉर्निंग, सर' किंवा 'मॅम', आणि त्यांचा हात खाली आला की तुझा. धावत असशील तर आधी चालीवर ये. दोन्ही हात सामानाने भरलेले असतील तर तोंडी नमस्कार पुरे, पण म्हणूनच जुने लोक पिशवी कायम डाव्या हातात धरतात. छावणीतल्या दुकानाच्या दारात ज्याने दोन्ही हातांत पिशव्या धरल्यात, तो नवा आहे हे ओळखायला हुद्दा वाचावा लागत नाही. इमारतीच्या आत सॅल्यूट नाही. अपवाद एकच, ऑफिसरसमोर 'रिपोर्ट' करताना: दार वाजव, टेबलापासून दोन पावलांवर थांब, सॅल्यूट कर आणि 'सर, प्रायव्हेट अमुक रिपोर्ट्स' म्हण (प्रायव्हेट म्हणजे सगळ्यात खालच्या हुद्द्याचा जवान). युद्धक्षेत्रात तर सॅल्यूट करूच नये, कारण त्याने दुर्बिणीतून बघणाऱ्याला आपला ऑफिसर कोण ते फुकट कळतं.

हुद्द्याचा सगळा हिशेब उलटवणारी एक गोष्ट आहे: मेडल ऑफ ऑनर, इथलं सर्वोच्च शौर्यपदक. ते मिळालेला साधा शिपाई असला तरी जनरल त्याला आधी सॅल्यूट करतात. लेखी सक्ती नाही, रिवाज आहे, पण कुणी मोडत नाही.

तुमच्या घरात ऐकू येत असेल तशी पलटणीची हाळी इथेही काही ठिकाणी आहे, आणि ती ऐकून मला पहिल्यांदा या फौजेत घरासारखं वाटलं. ८२व्या एअरबोर्न, म्हणजे पॅराशूटने उतरणाऱ्या डिव्हिजनमध्ये जवान सॅल्यूट करताना 'ऑल द वे, सर' म्हणतो आणि ऑफिसर 'एअरबोर्न' असं उत्तर देतो. कुठल्या डिव्हिजनमध्ये काय म्हणतात ते पोहोचल्या दिवशीच विचारून घे.

आई-वडिलांनाही एक सांगून ठेव. ते तुला भेटायला छावणीत येतील तेव्हा संध्याकाळी, बहुतेक ठिकाणी पाचला, भोंग्यावर बिगुल वाजेल आणि झेंडा उतरेल. त्या वेळी चालत्या गाड्या थांबतात, वर्दीतले लोक खाली उतरून झेंड्याकडे तोंड करतात. पहिल्या बिगुलाला सावधान, दुसऱ्या धुनेला सॅल्यूट. बाबांनी नुसतं सावधान उभं राहिलं तरी चालेल, ते त्यांना कुणी शिकवायला नको. छावणीतल्या सिनेमाघरात आधी राष्ट्रगीत लागतं, त्याची तर महाराष्ट्रातल्या माणसाला सवयच आहे.

तू विचारलं नाहीस, पण सही करण्याआधी हे बघ. ग्रीन कार्डावर जवान म्हणून भरती होता येतं. ऑफिसर व्हायचं तर नागरिकत्व लागतं. नागरिकत्व घेतलंस की भारतीय पासपोर्ट जातो, आणि परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या माणसाला भारत सरकार ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड, देत नाही. म्हणजे साताऱ्याला आजीला भेटायला जायचं तरी व्हिसा लागेल. भरती करणारा सार्जंट हे सांगणार नाही, कारण त्याचा याच्याशी संबंधच नाही. बाबांसोबत बसून आधी हे ठरव.