चरबीवर पीएचडी करून पोट भरेल का?

सांगलीच्या एका वडिलांचं पत्र आहे: 'मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, केमिस्ट्री-झूलॉजी. कॅन्सरच्या पेशी शेजारच्या पेशींकडून चरबी कशी मिळवतात, त्यावर संशोधन करणार म्हणते. मेडिकलची 'नीट' पुन्हा दे म्हटलं तर अबोला धरते. यात पोटापाण्याचं काय?'

नमस्कार. 'कॅन्सरवर रिसर्च करायचाय' असं मोघम म्हणणारी मुलं माझ्याकडे ढिगाने येतात. तुमच्या मुलीकडे नेमका प्रश्न आहे, हे आधी लक्षात घ्या.

आणि प्रश्न खरा आहे. अंडाशयाचा कॅन्सर बऱ्याचदा ओमेंटमवर, म्हणजे आतड्यांवर पदरासारख्या पसरलेल्या चरबीच्या पडद्यावर, जाऊन बसतो. तिथेच का? शिकागो विद्यापीठातल्या गटाने 2011 मध्ये दाखवलं की तिथल्या चरबीपेशी इंटरल्युकिन-8 सारखे रासायनिक निरोप सोडतात, त्यांच्या मागावर कॅन्सरपेशी येतात. मग चरबीपेशी आपला साठा फोडून फॅटी ॲसिड या पाहुण्यांच्या हवाली करतात. ते वाहून नेणारं एफएबीपी4 हे प्रथिन ज्या उंदरांत नव्हतं, त्यांच्यात गाठी फारच कमी वाढल्या. ही देवघेव तोडता आली तर औषधाची एक वाट सापडते.

यात निरोपाचा भाग पेशीजीवशास्त्राचा, चरबीचा भाग जीवरसायनशास्त्राचा. चरबीचे रेणू मोजतात मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, तेव्हा तिला केमिस्ट्री सोडू देऊ नका! एमएस्सी बायोकेमिस्ट्री किंवा बायोटेक्नॉलॉजीला करावी. त्यासाठी जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेशपरीक्षा द्यावी. पुढे नेट-जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठी शिष्यवृत्ती मिळवून देणारी परीक्षा. पुण्याचं एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची संस्था आणि खारघरचं ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र, दोन्हीकडे कॅन्सरवर पीएचडी होते.

पैशांचं स्पष्ट सांगतो. जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, नंतर 42,000, घरभाडं वेगळं. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा. त्यानंतर कायम प्राध्यापकी मोजक्यांनाच मिळते. बाकीचे परदेशी पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम), औषधकंपन्या, निदानाच्या लॅब अशा वाटांनी जातात. उपाशी कुणी राहत नाही, पण तिशीपर्यंत घर-गाडीचं नाव काढू नका.

नीटचं म्हणाल, तर मनाविरुद्ध दिलेली परीक्षा मुलांचं एक वर्ष खाते, हे मी फार वेळा पाहिलंय.

त्याऐवजी एक करा. विज्ञान अकादम्यांची दोन महिन्यांची समर फेलोशिप असते, त्यात लॅबमध्ये काम करायला मिळतं. तिच्या अर्जांवर दिवाळीच्या सुमारास लक्ष ठेवा. लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींना रविवारीही खाऊ घालावं लागतं, बुरशी लागली की महिन्याचं काम कचऱ्यात जातं. हे तिला एकदा स्वतः बघू दे. परत आल्यावर काय म्हणते, ते मला कळवा.