पोट कमी होईपर्यंत दम लागतच राहणार का?

"मॅडम, वजन उतरल्याशिवाय दम लागायचा थांबणारच नाही ना ओ?" हे मला सारखं विचारलं जातं, म्हणून जुळे सोलापूरच्या एका ताईंचं सांगते. वय ४४, वजन ८६ किलो, घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबायच्या आणि कुणी वरून उतरलं की पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं करायच्या. जानेवारीत गड्डा यात्रेलाही पोरांना म्हणाल्या तुम्ही फिरून या, मी बसते इथंच. मग मोबाईलवर बघून रोज ५० क्रंचेस, म्हणजे पाठीवर झोपून डोकं-खांदे उचलायचा पोटाचा व्यायाम, सुरू केले, श्वास रोखून, तोंड लाल होईस्तोवर. पोट तसंच, मान धरली, आणि शिंकलं की लघवीचे थेंब गळायला लागले, हे सांगताना त्यांना रडूच आलं.

आधी डॉक्टरांकडे पाठवलं. दम लागतो तो दरवेळी वजनामुळेच असं नसतं, रक्त कमी असेल, थायरॉईड, दमा, हृदय, काहीही असू शकतं, आणि पायाला सूज, छातीत दुखणं किंवा आडवं झालं की गुदमरणं असेल तर व्यायामाचं नावच काढू नका, तडक दवाखाना. ताईंचं हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या, पुढे जो फरक पडला त्यात गोळ्यांचाही वाटा आहेच.

मग मॅटवर झोपवलं. एक हात छातीवर, एक पोटावर. छातीच वरखाली होतेय, पोट हलेचना. बघते तर परकराची नाडी इतकी आवळलेली की कमरेला वळ. सैल करा म्हटलं तर लाजल्या, "पोट दिसतं की ओ मॅडम." अहो, पोटावर चरबी असली की आडवं झाल्यावर ती डायफ्रामला, म्हणजे श्वासाच्या पडद्याला, वर ढकलते, त्याला खाली सरकायला आधीच जागा कमी आणि त्यात वरून ही नाडी! पाठीला दोन उशा दिल्या, पोटावर अर्धा किलो शेंगदाण्याची पिशवी ठेवली, म्हटलं नाकाने श्वास घेताना पिशवी वर आली पाहिजे, सोडताना गरम चहा फुंकतो तसं हळू. सहाव्या-सातव्या श्वासाला पिशवी हलली आणि त्या स्वतःच मान उचलून बघायला लागल्या.

पोट-कमरेला आधार देणारा कोर म्हणजे नुसतं पुढचं पोट नाही. वर डायफ्राम, खाली ओटीपोटाचा तळ, म्हणजे लघवी अडवून धरणारे स्नायू, मधे पोटाचा आतला पट्टा आणि पाठीच्या कण्याजवळचे बारीक स्नायू, हे सगळं एकत्र चालतं. श्वास रोखून जोर लावला की दाब खाली तळावर येतो, तेच ते थेंब. म्हणून क्रंचेस बंद केले. त्याऐवजी श्वास सोडता सोडता लघवी अडवल्यासारखं तळ हळूच वर ओढायचं, ते जमल्यावर गुडघे वाकवून कंबर उचलणं, भिंतीला हात टेकून प्लँक, म्हणजे अंग सरळ ताठ धरून राहणं, दिवसातून दोनदा १० मिनिटं. पाण्याची घागर उचलतानाही श्वास बाहेर सोडत.

८ आठवड्यांत वजन दीडच किलो उतरलं, पण तिसरा मजला आता न थांबता चढतात, हळू चढतात, पण थांबत नाहीत. शिंकेला कधीतरी थेंब येतो अजून, त्यावर काम चालूय. परवा आल्या तर सांगत होत्या, सगळ्या परकरांना नाडी काढून रुंद इलॅस्टिक लावून घेतलं.