विचारा बिनधास्त : सुतळीची पिशवी आणि सोललेली बोटं

प्रश्न : ताई, लोकरीचं क्रोशाकाम मी बरीच वर्षं करतेय. आता सोसायटीतल्या मैत्रिणींनी सुतळीच्या पिशव्या करून मागितल्यात, पण अर्धी पिशवी होईपर्यंत डाव्या हाताची तर्जनी अक्षरशः सोलून निघते आणि उजवा अंगठा रात्रभर ठणकतो. हातमोजे घातले तर सुईच नीट धरता येईना. काय करू? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अगं, तुझी दुखणी दोन आहेत आणि दोन्हीचं औषध वेगळंय. बोट सोलतंय ते सुतळीमुळे, अंगठा ठणकतोय तो तुझ्या पकडीमुळे. लोकर ओढली की ताणते, सुतळी ताणत नाही, मग आपण प्रत्येक टाक्यातून सुई जोर लावून उपसत बसतो आणि तो सगळा जोर अंगठ्याच्या मुळाशी जातो. पिशवी म्हणजे वीण घट्टच हवी, नाहीतर किल्ल्या नि चिल्लर गळेल असं वाटतं ना, पण त्यासाठी अस्तर आहे की! जुन्या कॉटन साडीचं अस्तर लाव आणि मुके खांब, म्हणजे क्रोशाचे ते आखूड टाके, सैल घाल. दोन एमएम सुतळीला मी सहा एमएमची सुई घेते, तीन एमएमला सरळ आठ एमएमची, आणि पायाची, म्हणजे विणीच्या सुरुवातीची साखळी तर त्याहून सैल, कारण पहिल्या फेरीत त्याच साखळीत सुई खुपसताना सगळ्यात जास्त झटापट होते. सुई धातूचीच घे, प्लॅस्टिकची जाड सुतळीत मोडते, आणि दांडा बारीक असेल तर त्यावर कापडाची पट्टी गुंडाळून जाड कर, मूठ कमी आवळावी लागते.

आता बोटाचं. अख्खा हातमोजा कशाला हवा, धागा घासतो ती जागा इनमीन बोटभर. मेडिकलमध्ये कापडी चिकटपट्टी मिळते ती तर्जनीच्या मधल्या पेरावर दोन वेढे दे, किंवा जुन्या सुती मोज्याची नळी कापून बोटात घाल. बँकेत नोटा मोजताना घालतात ती रबरी टोपी बऱ्याच जणी सुचवतात, ती उजव्या अंगठ्याला ठीक आहे, सुई छान धरली जाते, पण डाव्या बोटाला नको, रबरावर सुतळी सरकतच नाही आणि टाके परत घट्ट.

सगळ्यात मोठा फरक मात्र सुतळी ओलसर केल्याने पडतो. गुंडी आधी उलगडून सैल लडी कर, ओल्या टॉवेलात अर्धा तास गुंडाळून ठेव, भिजवायची नाही हां, नुसती दमट. धागा नरम पडतो, वर आलेली कुसळं बसतात, पीळही कमी उलटतो. रंगीत सुतळी असेल तर आधी वीतभर तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून बघ, नाहीतर हात, गाऊन, सोफा सगळं रंगेल. आणि पिशवी त्याच दिवशी वाऱ्यावर, सावलीत वाळव, ताग पाणी धरून ठेवतो, पावसाळ्यात तर बुरशी आलीच म्हणून समज.

खोबरेल तेल काम संपल्यावर लाव, आधी नको, नाहीतर पिशवीवर डाग. बोटात कुसळ मोडलं तर नखाने उकरू नकोस, चिकटपट्टी दाबून वर ओढ, नाही निघालं तर चिमटा. एवढं करूनही रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल किंवा बोट वाकून अडकत असेल तर ऑर्डर थांबवून डॉक्टरांना दाखव, मैत्रिणी थांबतील. डायबेटिस असेल तर हातावरची बारीक चीरही रोज बघत जा.

प्रश्न : आमच्या बांधाला घायपात आहे. आजोबा त्याच्या पानांतला वाख, म्हणजे तंतू काढून कासरे, दावी वळायचे. त्याची क्रोशाने पिशवी होईल का? मिसेसना करून बघायचंय. – एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : होईल दादा, पण कासऱ्यासारखी जाड दोरी वळलीत तर सुईत येणारच नाही. दोन पदरी बारीक, एकसारखी दोरी हवी, ती ओल्या फडक्यातून ओढून घ्या म्हणजे सुटलेले तंतू बसतील. केनियातल्या बायका घायपाताच्याच जातीच्या सिसलच्या कियोंडो पिशव्या करतात, पण त्या हातानेच गुंफतात, सुई नाही. तुमचा वाख फारच ताठ निघाला तर तोच मार्ग बरा, किंवा पिशवी सुतळीची करून वाखाचे नुसते काठ घाला, दिसतंही देखणं.

काळजी घ्यायची ती विणताना नाही, पान सोलताना. घायपाताच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते कातडीत घुसले की आग आणि खाज सुटते, पुरळ येतं. इथे मात्र कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, फुल शर्ट, आणि तो हात डोळ्याला अजिबात लागता कामा नये. पानाच्या टोकाचा काटा आधीच छाटा. वाख भरपूर पाण्याने धुवून कडक वाळवा, मगच मिसेसच्या हातात द्या. नारळाच्या काथ्याचा मोह होईल, तो पायपुसण्यालाच राहू द्या, त्याचे तंतू आखूड नि राठ, सुईने विणताना बोटांची चाळण होते.

प्रश्न : बाजारातून आणलेल्या सुतळीला रॉकेलसारखा वास येतो आणि विणताना खोकला येतो. फेकून देऊ का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : फेकू नका हो. ताग नरम पडावा म्हणून गिरणीत तेल-पाण्याचं मिश्रण मारतात, त्या तेलाचा वास असतो तो. लडी करून सावलीत टांगून ठेवा, काही दिवसांत बराच जातो, पार गेला नाही तर ती भाजीच्या पिशवीला वापरू नका, छत्र्या-चपला ठेवायला चालेल. खोकला मात्र कुसळांच्या धुळीचा. लडी गॅलरीत नेऊन दणकून झटका, मास्क लावा, मांडीवर जुनी चादर घ्या आणि पंख्याखाली बसू नका. दमा असेल तर सरळ कॉटनची दोरी घ्या. आणि हो, तयार पिशवी मशीनला लावू नका, ओला झाल्यावर ताग कमजोर पडतो, ब्रशने झटकून ओल्या फडक्याने पुसली की झालं.