कोकॅनीसाठी पत्रा किती जड हवा?

अमेरिकेच्या वायव्येकडच्या तळ्यांवर ट्रोलिंग करणाऱ्या, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत गरवणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांना या वेळी उत्तरं देतो आहे. बहुतेक प्रश्न कोकॅनी या एकाच माशाबद्दल आहेत. नावावरून फसू नका, आपल्या कोकणाशी त्याचा काही संबंध नाही. समुद्रात न जाता गोड्या पाण्यातच जन्म काढणारा सॉकाय सॅमन म्हणजे कोकॅनी. माशाला बोलावण्यासाठी आमिषाच्या पुढे लावायच्या फ्लॅशर, डॉजर वगैरे चमकणाऱ्या सगळ्या प्रकारांना मी सरसकट ‘पत्रा’ म्हणतो, तेवढं चालवून घ्या.

प्रश्न : माझी काठी सात फुटी, हलकी आहे. दुकानदाराने दिलेला 11 इंची फ्लॅशर लावला तर ती सतत वाकलेलीच राहते, मासा लागला तरी कळत नाही. काठी बदलू का? (बॉथेल)

काठी राहू द्या, पत्रा बदला. 11 इंची फ्लॅशर समुद्रातल्या चिनूक आणि कोहो या मोठ्या सॅमनसाठी असतो. तुमचा मासा जेमतेम फूट-सव्वा फुटाचा.

फ्लॅशर पूर्ण गोल गिरकी घेतो, डॉजर डावी-उजवीकडे डोलतो. गिरकी घेणाऱ्याची ओढ जास्त, कारण तो सगळ्या बाजूंनी पाणी ढकलत असतो. तिसरा प्रकार तारेत ओवलेल्या पात्यांच्या माळेचा. त्याला इथे काउबेल म्हणतात, आणि आपल्या गुरांच्या गळ्यातली घुंगरं आठवावीत असाच तो दिसतो. धातूची अशी माळ ट्राउटसाठी पिढ्यान् पिढ्या वापरली गेली आहे, पण तुमच्या काठीला ती झेपायची नाही.

कोकॅनीचं अन्न म्हणजे डॅफ्नियासारखे पाण्यातले सूक्ष्म जीव. तुमचं आमिष त्याच्या रोजच्या ताटातलं नसतंच. तरी तो तोंड घालतो, ते कुतूहलाने किंवा चिडून, असं जुने गरवणारे मानतात आणि मलाही ते पटतं. पत्र्याचं काम त्याला लांबून बोलावणं, एवढंच. त्यासाठी 4 ते 6 इंचांचा पातळ डॉजर पुरतो. दुकानात दोन डॉजर हातात घ्या आणि हलका वाटेल तो उचला.

प्रश्न : तसाच डॉजर, तसंच आमिष, तरी शेजारच्या बोटीला पाच मासे आणि आम्हाला एकही नाही. कुठे चुकतंय? (एव्हरेट)

बहुधा दोन ठिकाणी : डॉजर आणि आमिष यांच्यातला दोरा, आणि बोटीचा वेग.

दोऱ्याची लांबी डॉजरच्या दीड ते तीन पट ठेवा. प्लास्टिकचा छोटा माकूळ (इथे त्याला हूची म्हणतात) स्वतः हलत नाही. डॉजरचा झटका त्याच्यापर्यंत पोचायला हवा, म्हणून दोरा आखूड. स्वतःच वळवळणारा छोटा चमचा (चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष) लावला असेल तर दोरा थोडा लांब सोडा. माझी बहुतेक आमिषं 8 ते 14 इंचांवर असतात.

वेगाचं म्हणाल तर ताशी 1 ते 1.5 मैलाने सुरुवात करा, पण यंत्रावरच्या आकड्यावर विसंबू नका. डॉजर आधी बोटीच्या कडेला पाण्यात धरून बघा. तो डोलला पाहिजे. गरगर फिरायला लागला तर वेग जास्त झालाय, आणि थोड्याच वेळात दोऱ्याला असा पीळ बसेल की संध्याकाळ तो सोडवण्यात जाईल. नुसता सरळ ओढला जात असेल तर वेग कमी आहे. वेग वाढवायचा नसेल तर पातळ डॉजरला शेपटीकडे हाताने किंचित बाक देता येतो. जाड डॉजरच्या बाबतीत ते जमत नाही.

सरळ रेषेतही जाऊ नका, नागमोडी चाला. वळणावर आतल्या बाजूची काठी मंदावते आणि बाहेरची वेग घेते. मासा कुठल्या काठीला लागतो ते दोन-तीनदा पाहिलंत की त्या दिवशीचा वेग कळतो. आणि गळाला पांढऱ्या मक्याचे एक-दोन दाणे लावायला विसरू नका. मी ते लसणात मुरवून ठेवतो. फ्रिजमधल्या त्या बरणीवरून घरात काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते इथे लिहीत नाही.

प्रश्न : कायाकमधून वल्ही मारत गरवतो. डाउनरिगर (जड गोळ्याने आमिष खोल नेणारं यंत्र) नाही. धातूचा पत्रा घ्यावा की मायलारचा? (बॉयसी)

मायलारचा, डोळे मिटून. मायलार म्हणजे चकचकीत प्लास्टिकची पातळ फिल्म. मॅक्स ल्यूर कंपनीची ‘फ्लॅश लाइट’ माळ याच जातीची. वल्ह्याच्या दोन फटक्यांमध्ये कायाकचा वेग पडतो, तेव्हा जड धातू खाली बुडतो आणि त्याचं फिरणं थांबतं. मायलारची पाती अगदी मंद ओढीवरही फिरत राहतात. वसंतात मासे वरच्या पाण्यात असतात, तेव्हा पत्र्याच्या पुढे अर्धा ते एक औंस वजन पुरे. दोऱ्याला पीळ बसू नये म्हणून मध्ये लावायची बेअरिंगवाली फिरकी मात्र चांगलीच घ्या.

प्रश्न : रंग कोणता? (सेलम)

लख्ख ऊन आणि स्वच्छ पाणी असेल तर चंदेरी. ढगाळ हवेत किंवा गढूळ पाण्यात तांब्याचा नाहीतर पितळी. खोल पाण्यात लाल रंग सगळ्यांत आधी काळपट होतो, तिथे चमकणारा हिरवा बरा. बाकी रंगांचे डबे दुकानदाराच्या मुलांच्या शिक्षणासाठी असतात.

प्रश्न : उन्हाळ्यात लेक शलॅनवर डाउनरिगर लावून खोल गरवतो. मासे लागतात, पण जाळ्याशी येऊन सुटतात. (वेनॅची)

कोकॅनीचं तोंड फार नाजूक. मासा जाळ्याशी आल्यावर डोकं झटकतो, तेव्हा मध्ये लोंबणाऱ्या पत्र्याचं वजन गळाला उलटा हिसका देतं आणि तोंड फाटतं. मऊ काठी आणि सैल ड्रॅग (रिळाचा ब्रेक) तर हवाच, पण एक उपाय लोक विसरतात : पत्रा काठीच्या दोऱ्यावर न लावता डाउनरिगरच्या गोळ्यालाच बांधा. त्याच्या थोडं वर क्लिपमध्ये तुमचा दोरा, त्यावर फक्त आमिष. मासा लागला की क्लिप सुटते, मध्ये काही ओझं राहत नाही. हूचीला मग डॉजरचा झटका मिळणार नाही, म्हणून स्वतः फिरणारं आमिष घ्या. इतर वेळी हलक्या डॉजरनेही निम्मा त्रास वाचतो.

प्रश्न : सुट्टीत पुण्याला जाताना दोन डॉजर नेतो आहे. धरणात महसीरसाठी चालतील का? (सॅन होजे)

बॅगेतली जागा वाया घालवू नका. महसीर तळाशी, दगडांच्या आसपास चरणारा दांडगा मासा. त्याच्यासाठी लोक चमचा फेकून गरवतात, तेव्हा न्यायचेच तर दोन मजबूत चमचे न्या. आपल्याकडच्या बऱ्याच जलाशयांवर मासेमारीचा ठेका स्थानिक सोसायटीकडे असतो, त्यामुळे विचारल्याशिवाय गळ टाकू नका. आणि महसीर लागलाच तर सोडून द्या. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात त्याची पिल्लं मुद्दाम वाढवावी लागतात.