ड्रिपलेस सील घेण्याआधी शाफ्टवर नख फिरवा

गंगापूर धरणावर बोट ठेवणार आहात, तर ड्रिपलेस सील, म्हणजे पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथून पाणी ठिबकू न देणारं सील, कुठल्या कंपनीचं घ्यावं हा प्रश्न जरा मागे ठेवा. आधी शाफ्ट बघा. जुन्या ग्लँड पॅकिंगने (शाफ्टभोवती आवळलेल्या दोरीसारख्या भरणाने) त्यावर चर पाडली असेल तर नखाला लगेच कळते. अशा जागी लिप सील बसवू नका. त्याचा रबरी ओठ थेट शाफ्टवर घासतो, आणि पावसाळ्यातलं गोदेचं गढूळ पाणी त्याचं आयुष्य आणखी कमी करतं.

मी फेस सीलच घ्या म्हणेन. त्यात कार्बनची चकती स्थिर राहते, स्टेनलेस स्टीलची शाफ्टबरोबर फिरते आणि रबरी बेलोज (घड्यांची लवचिक नळी) त्यांना एकमेकींवर दाबून धरतो. घासणं या दोघींतच होतं, शाफ्ट झिजण्यातून सुटतो. मात्र बेलोज फाटला तर पाणी धो धो आत येतं. म्हणून ठरलेल्या मुदतीत तो बदलायचा, ‘अजून चालतोय’ म्हणायचं नाही. बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंपही चालू हवा.

माप व्हर्निअरनेच घ्या: शाफ्टचा व्यास आणि स्टर्न ट्यूबचा (शाफ्ट ज्या नळीतून बोटीबाहेर जातो तिचा) बाहेरचा व्यास. जुन्या बिलावरच्या आकड्यावर जाऊ नका. सील चढवण्यासाठी काढायचं कपलिंग (शाफ्टचा इंजिनाकडचा जोड) गंजून जाम असेल तर सातपूर-अंबडकडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये दाखवा, हातोडा मारू नका. इंजिनाचं अलाइनमेंट (शाफ्टशी एका रेषेत असणं) बिघडलेलं असेल तर महागातलं सीलही गळणारच.

बोट पाण्यात उतरवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, बेलोज हाताने मागे दाबून अडकलेली हवा काढा. पाणी आलं की सोडा. वेगवान बोटीला सीलपर्यंत पाण्याची वेगळी नळीही लागते.

आणि बोट संथ असेल, तर ग्लँडमधून मिनिटाला दोन-चार थेंब पडले म्हणून घाईने खर्च करू नका.