बाळाचं नाक दिसतंय का?

"मी रात्रीतून दहा वेळा उठून बाळाच्या नाकाखाली बोट धरते. माझं डोकं फिरलंय का?" बाळंतिणींकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की बोलता बोलता आवाज खाली गेला की पुढचं वाक्य मला आधीच कळतं.

मृणालचं (नाव बदललंय) बाळ अडीच महिन्यांचं. पहिल्या दोन भेटी मी तिची भीती शांत करण्यात घालवल्या. तिसऱ्या भेटीत विचारलं, "उठल्यावर तुम्हाला नेमकं काय दिसतं?"

ती थबकली. "दुपटं."

"आणि नाक?"

"ते दिसत नाही, म्हणून तर बोट धरते ना!"

हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. तिने मोबाइलवर पाळण्याचा फोटो दाखवला. कापसाची मऊ गादी, तिच्यावर आजीने शिवलेली गोधडी, डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी, दोन्ही अंगांना लोड, वर हनुवटीपर्यंत दुपटं.

"लोड कधीपासून?"

"भीती वाटायला लागली तेव्हापासून," ती म्हणाली आणि स्वतःच गप्प झाली.

भीती वाटली की ती पाळण्यात एक वस्तू वाढवत होती, आणि वस्तू वाढली की नाक आणखी झाकलं जात होतं. 'उगाच काळजी करता' असं म्हणून मी तिला परत पाठवलं नाही, याचं मला आजही बरं वाटतं. भीतीला आधी आजार न मानता तिचं म्हणणं ऐकावं, या मताची मी आहे. मृणालची निम्मी भीती खरीच होती.

इतक्या लहान बाळाचं तोंड मऊ कापडात रुतलं तर त्याला मान वळवून सुटता येत नाही. सोडलेलीच हवा ते पुन्हा आत घेत राहतं. म्हणून वर्षाचं होईपर्यंत घट्ट, सपाट गादी, तिच्यावर ताणून बसवलेली चादर आणि उताणं बाळ, बस्स. थंडी असेल तर अंगात एक कपडा जास्त घाला, पांघरूण नको. घरात झोपताना टोपडंही नको. झोळीत हनुवटी छातीला टेकते, म्हणून रात्रीच्या झोपेला तीही नको. बाळ आपल्याच खोलीत असावं, पण त्याची जागा वेगळी. सोफ्यावर पाजता पाजता डोळा लागणं तर सगळ्यात धोक्याचं.

खरी परीक्षा चौथ्या भेटीत होती, कारण मृणालची आई सोबत आली. "उताणं निजवलं तर दूध घशात अडकेल की! आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?"

"वाढवलीत, म्हणून तर तुम्हाला बोलावलं, काकू." उताणं झोपल्यावर श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे दूध खालीच राहतं, हे मी कागदावर काढून दाखवलं. अमेरिकेत 1994 मध्ये बाळांना उताणं निजवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतले अचानक मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हेही सांगितलं. त्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "आणि माझी गोधडी?"

सगळं अडलं होतं ते इथे. घरातल्या जुन्या साड्यांची ती गोधडी काढून टाका म्हणणं म्हणजे काकूंनाच बाजूला हो म्हणणं. आम्ही तिची वेळ ठरवली: दिवसा, बाळ जागं असताना, जमिनीवर अंथरून त्याला पालथं घालायचं आणि काकूंनी शेजारी बसायचं. डोकं चपटं होऊ नये म्हणूनही हाच उपाय. राईची उशी लागत नाही.

पाळणा रिकामा झाल्यावर मृणाल रात्री दोनदाच, पाजायला उठू लागली. (बाळ शांत झोपलेलं असूनही आईला झोप येत नसेल, तर मात्र डॉक्टरांना भेटायलाच हवं.)

महिन्याभराने काकूंचा फोन आला. मी उशीचं विचारलं.

"उसवली. राई कुंडीत टाकली होती, चांगली वीतभर आलीय."