रिकव्हर, रिट्रीव्ह, रिगेन... सगळंच 'परत मिळवणे' कसं?

बोरिवलीच्या एका ताईंनी विचारलंय की मुलगा बँकेच्या परीक्षेची तयारी करतोय आणि त्याच्या डिक्शनरीत रिकव्हर, रिट्रीव्ह, रिगेन, रिक्लेम सगळ्यांपुढे 'परत मिळवणे' एवढंच दिलंय, मग लोकलमध्ये चोरीला गेलेला फोन पोलिसांनी मिळवून दिला तर यातलं कुठलं वापरायचं. आणि वांद्रे रेक्लमेशनमधलं रिक्लेम ते हेच का, समुद्र आपला कधी होता जो परत मिळवला?

ताई, फोनसाठी रिकव्हर. चोरीचा माल हाती लागला की रिकव्हरच, थकलेल्या कर्जासाठी बँकेची माणसं मागे लागतात ती पण रिकव्हरीचीच. पण तोच फोन दादरला चढताना हातातून सटकून फटीत पडला आणि गाडी गेल्यावर कुणी रुळांतून काढून दिला तर रिट्रीव्ह. इथे वस्तू कुठे आहे ते बहुतेक वेळा माहीत असतं, तिथवर पोचून ती आणायची असते, म्हणून रॅकवर राहिलेली बॅग रिट्रीव्ह, डिलीट झालेली फाइल बॅकअपमधून काढली तरी रिट्रीव्ह. शिकारीत पाडलेला पक्षी तोंडात धरून मालकाला आणून देणारा कुत्रा तो रिट्रीव्हर, आपण नुसतं लॅब्राडॉर म्हणतो त्याचं पूर्ण नाव लॅब्राडॉर रिट्रीव्हर आहे ते त्याच्यामुळेच. मुलाला हे एकदा सांगा, शब्द डोक्यात बसेल.

मला वाटतं खरी अडचण त्या 'परत मिळवणे'चीच आहे, कारण आपण तरी मराठीत सगळीकडे ते कुठे म्हणतो? थकबाकी वसूल करतो, गहाण टाकलेलं सोनं सोडवून आणतो, धंद्यातला तोटा भरून काढतो, तोल सावरतो, माणूस शुद्धीवर येतो. आधी असं नीट मराठीत बोलून बघायचं, इंग्रजी शब्द बराचसा आपोआप सापडतो. सोडवून आणणं म्हणजे रिडीम, त्याचा लॅटिन अर्थच पैसे मोजून परत घेणं असा आहे. तोटा किंवा घातलेला खर्च भरून काढला की रिकूप. शुद्ध, तोल, ताबा, आत्मविश्वास अशा हातात धरता न येणाऱ्या गोष्टींना रिगेन लागतं, फोन रिगेन केला असं कुणी म्हणत नाही. (यातल्या काहींना रिकव्हर पण चालतं, ते फार मोकळं क्रियापद आहे.)

परीक्षेत मात्र एक जागा हमखास चुकते. आजारातून बरं झालं की रिकव्हरच्या पुढे 'फ्रॉम' हवंच, 'ही रिकव्हर्ड फ्रॉम मलेरिया'. फ्रॉम गाळलं तर त्याला मलेरियाच परत मिळाला असा अर्थ होतो! रिक्युपरेट हे त्याच लॅटिन मुळातून आलेलं भावंड, पण ते जास्त करून आजारपणानंतर आराम करून अंगात ताकद भरून येण्यासाठी.

आता रेक्लमेशन. हो, शब्द तोच. नेहमीच्या वापरात रिक्लेम म्हणजे जे आपल्या हक्काचं होतं आणि दुसऱ्याकडे गेलं ते हक्क सांगून घेणं, फेरीवाल्यांनी आणि पार्किंगने भरलेला फुटपाथ चालणाऱ्यांनी रिक्लेम केला असं म्हणता येईल. पण मुळात लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ओरडणं, हाक मारणं, आणि जुन्या इंग्रजीत शिकारी ससाण्याला हाक मारून हातावर परत बोलवायचं त्याला रिक्लेम म्हणायचे. त्यातून रानटी जनावर माणसाळवणं असा अर्थ आला, आणि नंतर पडीक, दलदलीची, पाण्याखालची जमीन कामाला आणणं हा पण. म्हणजे समुद्र आपला होता असा दावा त्यात नाहीच, निरुपयोगी जागा वापरात आणली एवढंच, ज्याला आपण साधं भराव घालणं म्हणतो. मुंबईत हा शब्द जुना आहे, 1860च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा बॅकबे रिक्लेमेशन कंपनीच्या शेअरवर लोक अक्षरशः तुटून पडले होते, 1865 मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि शेअर मातीमोल झाले. कितीतरी जणांना ते पैसे रिकूप करता आले नाहीत.

आणि हो, रिकव्हर बॅक, रिगेन बॅक असं लिहू देऊ नका, त्या 'रि'मध्येच बॅक आलं. चूक ओळखा टाइपच्या प्रश्नात हे येऊ शकतं. बोलताना मात्र इतकं अडखळायचं काही कारण नाही, वस्तू असो, पैसे असोत, 'आय गॉट इट बॅक' बिनधास्त म्हणावं.